मागून येणाऱ्याचा वाटा

शिदोरी हा आपल्या भाषेतला फार जुना आणि बोलका शब्द आहे. घर सोडून वाटेला लागणाऱ्या माणसाने शिदोरी किती बांधावी? कमी बांधली तर वाटेत उपास घडतो; अधिक बांधली तर ओझे होते आणि घरी राहिलेल्यांच्या ताटात तेवढेच कमी पडते. वरवर पाहता हा केवळ व्यवहाराचा प्रश्न आहे. परंतु शिदोरी जेव्हा एकाच कोठारातून अनेकांनी घ्यायची असते आणि बाहेर बर्फ कोसळत असते, तेव्हा तो नीतीचा प्रश्न होतो. विजेवर चालणाऱ्या मोटारीने हा जुनाच प्रश्न आपल्या काळात नव्याने उभा केला आहे. त्याचा नीट विचार करायचा, तर जेथे या मोटारी घरोघरी पोहोचल्या आहेत आणि जेथील हिवाळाही माणसाची परीक्षा पाहणारा आहे, अशा नॉर्वे देशाच्या डोंगरवाटेवर काही काळ मनाने जायला हवे.

नॉर्वेने १९९० पासून विजेच्या मोटारींना करात सवलती दिल्या. त्याचे फळ असे की, २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या दर शंभर नव्या मोटारींपैकी जवळजवळ ८९ मोटारी निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या. ही वीजही बहुतांशी धबधब्यांच्या आणि धरणांच्या पाण्यापासून होते. राजधानी ऑस्लोहून उत्तरेकडील त्रोन्हेम शहराकडे जाणारा मुख्य रस्ता सुमारे ५०० किलोमीटरचा आहे. गुडब्रान्सडालेन या लांबच लांब खोऱ्यातून तो दोम्बोस या गावी येतो आणि तेथून दोव्रे पर्वताच्या उघड्या पठारावर चढतो. त्याचा सर्वांत उंच बिंदू १०२६ मीटरवर आहे. पलीकडचे ऑपडाल गाव दोम्बोसपासून सुमारे ८० किलोमीटर दूर. उन्हाळ्यात हे अंतर तासाभराचे. हिवाळ्यात मात्र वादळ उठले की रस्ता बंद होतो, किंवा बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या मागे सर्व मोटारींची रांग लावून तिला पठार ओलांडावे लागते.

अशा वाटेवर विजेच्या मोटारीची शिदोरी लवकर का सरते, हे समजून घेतले पाहिजे. थंडीत बॅटरीच्या आतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तिचा अंतर्गत रोध वाढतो. पेट्रोलच्या इंजिनात इंधनाच्या उष्णतेचा मोठा भाग वाया जातो आणि त्या वाया गेलेल्या उष्णतेवरच आतली माणसे ऊबदार राहतात. विजेची मोटार अशी उधळपट्टी करीत नाही. म्हणून उबेसाठी तिला बॅटरीतलीच वीज मोजून द्यावी लागते. शिवाय चढ असतोच. दोन टन वजनाची मोटार हजार मीटर वर न्यायची तर निव्वळ उंचीपोटी सुमारे साडेपाच युनिट वीज खर्च होते. त्यातला काही भाग उतारावर परत मिळतो, पण तो उताराला लागल्यावर! २०२० च्या हिवाळ्यात नॉर्वेतील मोटारचालकांच्या संघटनेने वीस मोटारींची चाचणी घेतली, तेव्हा कारखान्याने सांगितलेल्या अंतरापेक्षा त्या सरासरी १८.५ टक्के कमी धावल्या. आणखी एक अडचण अशी की, गारठलेली बॅटरी वीज झपाट्याने घेऊही शकत नाही. तसे केल्यास तिला इजा होते, म्हणून मोटारीतील यंत्रणाच तिला हळूहळू घेऊ देते. म्हणजे ज्या दिवशी गरज अधिक, त्याच दिवशी शिदोरी कमी पुरते आणि ती भरायलाही वेळ अधिक लागतो. साहजिकच चार्जिंगच्या ठिकाणी रांग लागते.

आता एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांसमोर आणू या. सुटीचे दिवस आहेत. पठाराच्या पायथ्याशी असलेले सगळे चार्जर व्यापलेले आहेत. एका मोटारीत आईवडील आणि दोन मुले आहेत. त्यांची बॅटरी ८० टक्के भरली आहे. मागे रांगेत एक वृद्ध जोडपे थांबले आहे. त्यांच्याकडे जेमतेम सहा टक्के उरले आहेत. पहिल्या मोटारीच्या मालकाने आता जागा सोडावी, की पूर्ण शंभर टक्के होईपर्यंत थांबावे?

त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. तो आधी आला आहे. वीज तो फुकट घेत नाही, पैसे देतो आहे. त्याच्यावर दोन लेकरांची जबाबदारी आहे आणि पुढे पठारावर काय वाढून ठेवले आहे, हे कोणालाच ठाऊक नाही. सावधगिरी हा काही दुर्गुण नव्हे. आपल्या माणसांना संकटात टाकून परक्यांवर केलेले औदार्य हे खरे औदार्य नाही, असे तो म्हणेल तर त्याला चटकन खोडून काढता येणार नाही. उलट कोणी असेही विचारील की, त्या वृद्ध जोडप्याने सहा टक्के उरेपर्यंत वाट का पाहिली? एकाच्या बेफिकिरीची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

परंतु दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, आणि ती मांडायला प्रथम विज्ञानच पुढे येते. बॅटरी रिकामी असते तेव्हा ती भराभर वीज घेते. भरत आली की तिचा वेग कमी होत जातो. अनेक मोटारींत दहापासून ऐंशी टक्क्यांपर्यंतचा पल्ला साधारण अर्ध्या तासात गाठला जातो, आणि उरलेल्या वीस टक्क्यांना जवळपास तेवढाच किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. म्हणजे पहिल्याला जे थोडे मिळणार, त्यासाठी दुसऱ्याचे फार जाणार. ज्या अर्ध्या तासात पहिल्याच्या शिदोरीत चार घास वाढतात, त्याच अर्ध्या तासात दुसऱ्याचे पोट भरले असते. माझ्या लहानशा लाभासाठी शेजाऱ्याची मोठी हानी होत असेल, तर 'मी आधी आलो' हे उत्तर कायद्याला पुरेसे वाटेल; सदसद्विवेकबुद्धीला ते पुरेसे वाटत नाही.

मग 'ऐंशी टक्के झाले की निघावे' असा नियमच करून टाकावा काय? नियम चांगला आहे, बहुतेक दिवशी तो न्याय्यही आहे. पण सर्व प्रश्न नियमाने सुटत नाहीत. ज्याची बॅटरी लहान आहे आणि ज्याच्या वाटेत पुढचा चार्जर पठारापलीकडे आहे, त्याला वादळाच्या रात्री ऐंशीही अपुरे पडू शकतील. उलट मोठ्या बॅटरीच्या मालकाला पन्नास टक्केही विपुल होतील. तेव्हा खरा प्रश्न आकड्याचा नाही. मी जे मागतो आहे ते माझी गरज मागते आहे की माझी भीती, असा तो प्रश्न आहे.

गरज आणि भीती या दोघींचा चेहरा सारखा असतो. म्हणूनच आपली फसगत होते. मात्र गरजेला सीमा असते, ती मोजता येते. पुढे ८० किलोमीटर आहेत, चढ एवढा आहे, थंडी एवढी आहे, म्हणून इतके लागेल. शिवाय रस्ता अडलाच तर त्यासाठी इतके राखून ठेवावे. हा हिशेब दहा वर्षांच्या मुलालाही समजावून सांगता येईल. मोटार उभी असताना आतली ऊब राखायला साधारणपणे तासाला एक ते दोन युनिट वीज लागते. बॅटरीत तीस युनिट उरले असतील, तर ते कुटुंब रात्रभर उबेत राहू शकते. भीतीला मात्र असा हिशेब मान्य नसतो. तिला शंभर टक्के दिले तरी ती म्हणते, 'आणखी थोडे असते तर बरे झाले असते.' साठवण करणारा माणूस दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा तो घाबरलेला असतो. म्हणून त्याला दोष देण्यापूर्वी त्याच्या भीतीचे मूळ शोधणे अधिक हिताचे आहे.

हे मूळ शोधताना त्याच दोव्रे पर्वताचा इतिहास साहाय्याला येतो. नॉर्वेचा राजा संत ओलाफ १०३० साली रणांगणावर मृत्यू पावला. त्याच्या समाधीच्या दर्शनासाठी युरोपातील यात्रेकरू निदारोस येथे, म्हणजेच आजच्या त्रोन्हेमला, जाऊ लागले. त्यांची वाट या पठारावरून जात असे. पुढे ११०३ पासून ओयस्टाइन आणि सिगुर्ड हे दोघे राजबंधू एकाच वेळी राज्य करू लागले. सिगुर्ड क्रूसयुद्धासाठी समुद्रापार गेला. १११० साली सायडन शहराच्या वेढ्यात त्याने जेरुसलेमच्या राजाला साहाय्य केले आणि तो कीर्ती घेऊन परतला. ओयस्टाइन घरीच राहिला. स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या इतिहासकाराने तेराव्या शतकात या दोन भावांचा एक वाद लिहून ठेवला आहे. सिगुर्ड आपले पराक्रम सांगतो. त्याला उत्तर देताना ओयस्टाइन आपण बांधलेल्या गोष्टींची नावे घेतो. दोव्रे पर्वतावर प्रवाशांना उघड्यावर रात्र काढावी लागे आणि त्यांचे फार हाल होत. तेथे आपण आसऱ्याची घरे उभारली आणि त्यांच्या खर्चाची तरतूद केली, असे तो सांगतो. दूरदेशीच्या विजयांच्या तोडीला त्याने वाटेवरचे एक छप्पर ठेवले, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ही परंपरा पुढे टिकली. फोकस्तुगू, येर्किन, कोंग्सवोल आणि द्रिवस्तुआ ही त्या पठारावरची डोंगरघरे प्रसिद्ध आहेत. येथील गृहस्थांना राज्याकडून साहाय्य मिळे आणि त्याच्या बदल्यात वाट चालती ठेवणे व आलेल्या प्रवाशाला आश्रय देणे हे त्यांचे कर्तव्य मानले जाई. १९९७ साली निदारोसची जुनी यात्रावाट पुन्हा खुली करण्यात आली. तीही याच पठारावरून जाते.

या घरांनी प्रवाशाला काय दिले? भाकरी दिली, शेकोटी दिली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भरवसा दिला. पुढे घर आहे आणि त्याचे दार उघडेल, हे ज्याला ठाऊक असते, तो माणूस मागच्या घरातून पोटापुरतेच घेतो. ज्याला तो भरवसा नसतो, तो चार दिवसांचे आजच उचलतो. आपल्याकडची पाणपोई हेच सांगते. कडक उन्हात दर कोसावर पाणपोई असेल तर कोणी घागर भरून चालत नाही. ती नसेल तर प्रत्येकजण आपली घागर सांभाळतो आणि तहानलेल्याकडे पाहणे टाळतो. माणसाचा संयम हा केवळ त्याच्या मनाचा गुण नसतो. पुढची वाट कोणीतरी राखली आहे, या विश्वासावर तो उभा असतो.

म्हणूनच चार्जिंगच्या रांगेतल्या त्या बापाला 'स्वार्थी होऊ नकोस' एवढेच सांगून भागणार नाही. पुढचा चार्जर चालू असेल, त्यावरचे बर्फ काढलेले असेल, तेथे परक्या माणसालाही वीज मिळेल, याची हमी त्याला कोणीतरी दिली पाहिजे. ती बाजाराने आपण होऊन दिली नसती, कारण ज्या वाटेवर वाहने कमी तेथे नफाही कमी. नॉर्वेमध्ये एनोव्हा या सरकारी संस्थेने २०१५ पासून मुख्य रस्त्यांवर दर ५० किलोमीटरला जलद चार्जर उभारण्यासाठी अनुदान दिले, ते यासाठीच. युरोपीय संघाने एप्रिल २०२४ पासून असे बंधन घातले आहे की, नव्याने बसवलेल्या जलद सार्वजनिक चार्जरवर कोणत्याही सभासदत्वावाचून, साध्या बँक कार्डाने पैसे देता आले पाहिजेत. नियम कोरडा दिसतो, पण त्यात ओयस्टाइनच्या घरांचेच तत्त्व आहे: वाटेवरच्या घराने प्रवाशाला 'तू आमचा आहेस काय?' असे विचारू नये.

मात्र राखणदाराचे कर्तव्य सांगितले म्हणजे प्रवाशाचे संपत नाही. पुरेसे साठवून निघणे ही स्वतःची काळजी असते, तशी ती इतरांवरची दयाही असते. बर्फ हटवणाऱ्या गाडीमागे चाललेल्या रांगेत एक मोटार थांबली की मागच्या सर्वांना थांबावे लागते, आणि तिला सोडवायला दुसऱ्या कोणालातरी वादळात उतरावे लागते. हिवाळ्यात पठारावर निघणाऱ्याने ऊबदार कपडे, खाण्याचे जिन्नस आणि पुरेशी वीज बरोबर ठेवावी, याचा अर्थ एवढाच की, आपल्या निष्काळजीपणाचे ओझे त्याने दुसऱ्याच्या खांद्यावर टाकू नये. ते सहा टक्क्यांवर आलेले जोडपे कदाचित निष्काळजी असेल, कदाचित थंडीने त्यांचा हिशेब चुकवला असेल. पण डोंगरघराचा गृहस्थ दार उघडण्यापूर्वी 'अशा हवेत निघालाच का?' असे विचारत बसला असता, तर कित्येकजण उंबरठ्यावरच गोठले असते. चौकशी शेकोटीजवळ बसल्यावर करता येते.

मग त्या बापाने काय करावे? त्याने प्रथम प्रामाणिकपणे हिशेब करावा, पुढच्या रस्त्याची बातमी घ्यावी. हिशेबाने गरज खरोखरच मोठी निघाली तर त्याने थांबावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण मागे वळून त्या वृद्धांना तसे सांगावे, किती वेळ लागेल तेही सांगावे. हिशेबात पुरेसे आहे असे दिसले तर मात्र वायर काढावी, नीट जागेवर अडकवावी आणि निघावे. त्याच्या मुलांना त्या पठारावर जे शिकायला मिळेल ते पुस्तकात सापडणे कठीण. आपल्या आधी या वाटेने कोणी गेले आणि आपल्यासाठी जागा ठेवून गेले. आपल्या मागूनही कोणी येत आहे. आपल्या हातात जे आहे, त्यात त्या मागून येणाऱ्याचाही वाटा असतो. तो त्याचे नाव ठाऊक नसतानाही राखून ठेवता येतो.