आग शेवटी लागते

रे ब्रॅडबरी यांची 'फॅरनहाइट ४५१' ही कादंबरी १९५३मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि तेव्हापासून ती सरकारी ग्रंथबंदीविरुद्धचा निषेध म्हणूनच बहुधा वाचली आणि शिकवली जाते. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. भविष्यातला समाज वरून सुखी आणि सुरळीत, पण आतून माणूसपण गमावलेला दाखवणाऱ्या कथाप्रकाराला डिस्टोपिया म्हणतात. या प्रकारातल्या बहुतेक कादंबऱ्यांत अत्याचाराचा उगम सत्तेत असतो, ब्रॅडबरी मात्र तो वाचकात शोधतात. त्यांच्या नगरात सगळी घरे अग्निरोधक झाली आहेत, त्यामुळे बंबवाल्यांना विझवायला आगच उरलेली नाही, आणि म्हणून त्यांच्याकडे पुस्तके असलेली घरे पेटवण्याचे काम आले आहे. कागद ज्या तापमानाला पेट घेतो असे मानले जाते, ते कादंबरीचे नाव झाले आहे. नायक गाय मोंटाग हा असाच एक बंबवाला, आणि त्याची बायको मिल्ड्रेड दिवाणखान्याच्या तीन भिंती व्यापणाऱ्या दूरचित्रवाणीपुढे बसून चौथ्या भिंतीचा हट्ट धरणारी.

कादंबरीचा गाभा मोंटागच्या बंडात नसून त्याचा वरिष्ठ बीटी याच्या लांबलचक खुलाशात आहे, आणि सर्वसाधारण वाचक नेमका तोच भाग कथानकाच्या ओघात मागे टाकतो. बीटी सांगतो की ग्रंथबंदीचा हुकूम आधी निघालाच नव्हता: लोकांना वेग हवा होता म्हणून ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांचे चार ओळींचे उतारे झाले, प्रत्येक गटाला कुठले ना कुठले वाक्य टोचत होते म्हणून प्रकाशकांनी आणि संपादकांनी ती वाक्ये आपणहून काढली, आणि शेवटी जे उरले त्यात वाचण्यासारखे काहीच नसल्यामुळे वाचकही उरला नाही. सरकार आले ते सर्वांत शेवटी, आधीच ठरून गेलेल्या गोष्टीवर शिक्का मारायला. बीटी खलनायक असला आणि त्याचा हेतू मोंटागला गप्प करण्याचा असला, तरी त्याने सांगितलेला हा क्रम खोटा ठरत नाही. खुद्द या पुस्तकाच्या बाबतीत तो खरा ठरला. त्याच्या प्रकाशकांनी १९६७पासून शाळांसाठी काढलेल्या आवृत्तीत पंचाहत्तर ठिकाणी गुपचूप काटछाट केली, पुढे काही वर्षे बाजारात हीच आवृत्ती विकली गेली, आणि लेखकाला त्याचा पत्ता लागला तो १९७९मध्ये. कोणत्याही न्यायालयाने किंवा मंत्र्याने ही कात्री चालवायला सांगितले नव्हते.

मराठी वाचकाला या क्रमासाठी लांब जायला नको. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकाविषयी २००३मध्ये संताप उसळला, तेव्हा प्रकाशकाने ते नोव्हेंबरातच भारतातून मागे घेतले. ५ जानेवारी २००४ रोजी, लेन यांना मदत केल्याचा राग धरून, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला करून दुर्मीळ ग्रंथांची आणि पोथ्यांची नासधूस केली. त्यानंतर त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारची बंदी आली. लेन यांच्या पुस्तकातला आक्षेपार्ह मजकूर निंद्य होता की नव्हता, हा प्रश्न येथे अलाहिदा आहे. लक्षात घ्यायचा तो क्रम: आधी प्रकाशक, मग जमाव, आणि सर्वांत शेवटी शासन. मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि २०१०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, पण न्यायालय रद्द करू शकते ती फक्त साखळीतली शेवटची कडी.

या क्रमाच्या नेमका उलट प्रयोग बडोद्यात झाला. रावपुऱ्यातल्या चिमणाबाई टॉवरपासून पायी जाण्याइतक्या अंतरावर, मांडवीच्या बाजूला, बडोदे संस्थानाचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेले मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३मध्ये अमरेली भागात सुरू करून १९०६मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केल्यावर महाराजांपुढे एक व्यावहारिक प्रश्न आला, तो असा की शाळा सोडल्यावर पोराने वाचायचे काय. कारण वाचायला काही न मिळाल्यास शिकलेली अक्षरे चार-पाच वर्षांत पुसून जातात. अमेरिकेतली मोफत ग्रंथालये पाहून आलेल्या महाराजांनी १९१०मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास आणले, आपल्या खासगी संग्रहातले सुमारे वीस हजार ग्रंथ सार्वजनिक केले आणि स्वतंत्र ग्रंथालय खाते उघडले. बोर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर या मराठी अधिकाऱ्याने ही चळवळ पुढे नेली. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग निघाले, आणि फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जाऊ लागल्या. यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद पैशाची होती: गावाने वर्गणी जमवली तर तेवढीच रक्कम प्रांत पंचायत आणि तेवढीच सरकार देत असे, म्हणजे पुस्तक फुकट वाटले जात नव्हते, तर गावाने ते आधी मागावे अशी योजना होती. मध्यवर्ती ग्रंथालयाच्या कोठारात लोखंडी मांडण्या आणि उजेड खाली झिरपावा म्हणून काचेच्या फरशा आहेत. ब्रॅडबरींच्या नगरातली अग्निरोधक घरे आणि बडोद्यातले हे लोखंडी कोठार यांत बांधकामाचे साम्य बरेच आहे. फरक पडला तो आत काय ठेवायचे याच्या निर्णयाने.

तरीही बडोद्याचे चित्र निव्वळ उजळ रंगात काढणे अप्रामाणिकपणाचे होईल. बोर्डन ग्रंथालये उभारत होते त्याच काळात नरसिंहभाई पटेल यांनी बारींद्रकुमार घोष यांच्या क्रांतिकारी बंगाली पुस्तकाचा गुजराती अवतार संस्थानात छापून घेतला, आणि पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी असल्या साहित्याला अगदी निरुपद्रवी नावे दिली. वनस्पतींच्या औषधांविषयीचे म्हणून निघालेल्या पुस्तकात बाँबची कृती होती. ज्या बारींद्रांचे बंधू अरविंद घोष १९०६पर्यंत बडोदे कॉलेजात शिकवत होते, त्यांचे लेखन बडोद्यात गुजरातीत यावे यात नवल नव्हते. ब्रिटिशांचा दाब वाढला तेव्हा खेड्यात पुस्तकांची पेटी धाडणाऱ्या याच दरबाराने नरसिंहभाईंना संस्थानातून हद्दपार केले. ग्रंथप्रेमी राजाही साम्राज्याच्या छायेत किती मोकळा असतो, हे यावरून कळते.

याहून अवघड प्रसंग भीमराव आंबेडकरांचा आहे. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर परदेशात शिकून ते १९१७मध्ये बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, आणि मोफत ग्रंथालयांसाठी नावाजलेल्या या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकलले गेल्यावर काही दिवसांतच त्यांना शहर सोडावे लागले. दहा वर्षांनी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला त्यांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले, आणि 'फॅरनहाइट ४५१' हाती घेणाऱ्या मराठी वाचकापुढे यातून खरी अडचण उभी राहते, कारण तिथेही ग्रंथच जळला. मात्र मोंटागचा रॉकेलचा नळ आणि महाडची वेदी एका तागडीत तोलता येत नाहीत. बंबवाला शेवटची प्रत नष्ट करतो, जेणेकरून कोणालाही ती वाचता येऊ नये. महाडला जमलेल्यांना ग्रंथ मिटवायचा नव्हता, त्याचा अधिकार नाकारायचा होता, आणि ज्यांना शतकानुशतके अक्षरापासूनच दूर ठेवले गेले त्यांनी तो नाकारला. मनुस्मृती त्यानंतरही दुकानात मिळत राहिली. तिचा सर्वांत बारकाईने अभ्यास करणाऱ्यांत आंबेडकर स्वतःच होते.

कादंबरीच्या अखेरीस मोंटाग शहराबाहेर पळतो आणि त्याला रुळांच्या कडेने हिंडणारी माणसे भेटतात, ज्यांनी एकेक ग्रंथ तोंडपाठ करून स्वतःच त्या ग्रंथाचे कपाट होणे पत्करले आहे. अमेरिकी वाचकाला ही कल्पना अद्भुत वाटते. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली तरी लोकांच्या मुखी ती राहिली होती, हे घराघरांत ऐकलेल्या मराठी माणसाला ती ओळखीची वाटेल. पण पाठांतरावर फार विसंबणे धोक्याचे आहे, कारण जे पाठ होते ते बहुधा आवडते असते, आणि ब्रॅडबरींना चिंता आहे ती नावडत्या, टोचणाऱ्या पुस्तकाची.

असे एक टोचणारे पुस्तक बडोद्याशी जोडलेले आहे. जोतीराव फुले यांनी १८८३मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. सरकारी खात्यांतली भटशाही आणि शेतकऱ्याची नागवणूक यांवर त्यात इतके थेट प्रहार होते की नारायण मेघाजी लोखंडे यांच्या 'दीनबंधु'ने, म्हणजे फुल्यांच्याच सत्यशोधक चळवळीच्या पत्राने, पहिली दोन प्रकरणे छापून पुढची थांबवली. कुणी जप्ती आणली नव्हती, खटला भरला नव्हता. पुढे काय होईल या धास्तीनेच काम भागले, आणि बीटीला याहून नेमका दाखला सापडला नसता. लोखंडे भित्रे नव्हते, मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी त्यांनी जे केले त्यावरून ते स्पष्टच आहे. छापखाना चालवणाऱ्या धाडसी माणसालाही अशी धास्ती वाटू शकते, एवढेच या प्रसंगातून दिसते. फुल्यांनी हा मजकूर गावोगाव शेतकऱ्यांना वाचून दाखवला, आणि बडोद्यात तरुण सयाजीरावांनीही तो ऐकून घेतला. राजाने ऐकला, कुणब्यांनी ऐकला, पण १८९०मध्ये जोतीराव वारले तेव्हाही हा ग्रंथ पूर्ण छापलेला नव्हता.