प्रारब्ध की जबाबदारी?

९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० बाळे गेली.

अशा वेळी प्रारब्धाचे नाव चटकन ओठांवर येते. त्या शब्दाने एखाद्या आईला दुःख सोसायचे बळ मिळत असेल, तर तो तिच्याकडून कोणी हिरावू नये. शासनाच्या तोंडी मात्र तो शोभत नाही. कर्मसिद्धान्त कर्त्याला मोकळा सोडत नाही. फळ त्याच्याच पदरात टाकतो. मग वायरिंग कोणी तपासले, रात्री कक्षात कोण होते, हे आमदाराने सभागृहात विचारणे हे धर्मकार्यच.

सभागृहात हे विचारायचे साधन म्हणजे तारांकित प्रश्न. त्याला मंत्र्यांना तोंडी उत्तर द्यावे लागते, वर उपप्रश्नही येतात.

त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातही अतिदक्षता विभाग पेटला. आमदारांनो, तालुक्याच्या दवाखान्याबद्दलचा प्रश्न आगीआधी विचारा.