तेवीस पेपर आणि एक फाईल

सातारा,
१२ जून

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा बायोडेटा पोचला. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, तर पेपरांची यादी कशी लावू, नावाजलेली जर्नलं वर घेऊ की माझं पहिलं नाव असलेले पेपर, असं तू विचारलंस. मी यादीची प्रिंट काढून आणली आणि दुपारी पेन्सिल घेऊन ओसरीवर बसले. चौतिसाव्या वर्षी तेवीस पेपर! आमच्या वेळी निवृत्त होणाऱ्या कितीतरी प्रोफेसरांच्या नावावर एवढे नसत. कौतुक वाटलं. ते आधीच लिहून टाकते, कारण पुढचं सगळंच तुला गोड लागेल असं नाही.

यादी लावायची राहिलीच. प्रत्येक पेपरापाशी थांबून मी एकच विचार करत गेले. उद्या पहाटे तीन वाजता कुठल्याशा तालुक्याच्या दवाखान्यातून एखाद्या डॉक्टरचा फोन आला, "मॅडम, तुमचा पेपर वाचलाय, समोर तसाच पेशंट आहे, हे औषध देऊ का?" तर आमची सायली काय सांगेल? जिथे तू छातीठोक बोलशील असं वाटलं तिथे बरोबरची खूण केली. अशा नऊ झाल्या. सहा पेपरांपुढे प्रश्नचिन्ह घातलं. उरलेल्या आठांत तुझं नाव दहा-बारा जणांच्या गर्दीत कुठेतरी शेवटी आहे. तिथे काय खूण करायची ते तूच ठरव.

मी धुतल्या तांदळासारखी आहे म्हणून हे सांगत नाही. रजिस्ट्रार असताना आमच्या सरांनी एका पेपरात माझं नाव घातलं. मी फक्त केस पेपर गोळा करून दिले होते. छापून आल्यावर वॉर्डात पेढे वाटले. चार वर्षांनी एका परक्या डॉक्टरांचं पत्र आलं: तिसऱ्या तक्त्यात रुग्णांची बेरीज जुळत नाही, सात जण कमी भरतात, ते कुठे गेले? तो तक्ता मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. बेरीज खरोखरच जुळत नव्हती. सर तोवर वारले होते, केस पेपर रद्दीत गेले होते. त्या पत्राला मी उत्तर पाठवलं नाही. ते सात जण मात्र अजून अधूनमधून आठवतात.

लेखक कोणाला म्हणावं याच्या चार अटी वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिल्या आहेत. कामात खरा वाटा हवा, लिहिण्यात किंवा मजकूर तपासण्यात हात हवा, अखेरच्या मसुद्याला संमती हवी, आणि छापल्यानंतर त्या कामाबद्दल जाब द्यायची तयारी हवी. चारही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. आपल्याकडे चौथी कोणी वाचतच नाही. हृदयाच्या मूळपेशींवर काम करणाऱ्या पिएरो अनव्हर्सांच्या प्रयोगशाळेचे ३१ पेपर मागे घ्या, असं हार्वर्ड आणि तिथल्या रुग्णालयाने २०१८ मध्ये जर्नलांना कळवलं, तेव्हा त्यांच्याबरोबर नावं असलेल्यांवर काय वेळ आली असेल याचा विचार कर.

तेव्हा तुझ्या सरांनी "नाव टाकतो तुझं" म्हटलं की भांडू नकोस, उपदेशही करू नकोस. "सर, मसुदा द्या ना, वाचून दुरुस्त्या करून देते," एवढंच म्हण. मसुदा मिळाला तर खरोखर वाच आणि बेरजा स्वतः करून बघ. मिळाला नाही, तर "आभारांत नाव घ्या, तेवढं पुरे," असं हसत सांग. दोन-तीनदा असं झालं की लोक आपोआप विचारून नाव घालतात. आणि पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्या जर्नलांच्या ई-मेलना उत्तरसुद्धा देऊ नकोस.

आता त्या सहा प्रश्नचिन्हांचं. ते सहाही पेपर एकाच अभ्यासातून निघालेत ना? बायका वेगळ्या, मधुमेही वेगळे, साठीच्या पुढचे वेगळे. एका भाकरीचे सहा चतकोर केले म्हणून भाकऱ्या सहा होत नाहीत. त्यात आणखी एक धोका आहे. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आयसिस-२ ही चाचणी छापून आली. अटॅक आलेले १७,१८७ रुग्ण होते, आणि ॲस्पिरिनने जीव वाचतात हे तिने लख्ख दाखवलं. आज अटॅकचा पेशंट आला की आपण आधी ॲस्पिरिन चघळायला देतो, त्यामागे ती चाचणी आहे. पण गटागटांचे निकालही द्या, असा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची जन्मराशींप्रमाणेही विभागणी करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनने उलट थोडा अपायच होतो, असं निघालं! आकडे खरे होते, अर्थ शून्य होता. बारीक तुकडे करत गेलं की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी सापडतंच, हे त्यांना दाखवायचं होतं. तुझ्या सहांपैकी मिथुन-तुळेचे किती, ते तू तपास.

दुसरी गोष्ट वेळेवर न छापलेल्या पेपरची. १९८० साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी अटॅक आलेल्या शंभराहून कमी रुग्णांवर लॉरकेनाइड या औषधाची चाचणी घेतली. चुकणारे ठोके हे औषध ताळ्यावर आणायचं, आणि ठोके ताळ्यावर आले की माणूस वाचणार असं तेव्हा बहुतेकांना वाटे. औषध घेतलेल्यांपैकी ९ जण दगावले, खोटी गोळी घेतलेल्यांपैकी १. योगायोग असेल, असं डॉक्टरांना वाटलं. कंपनीने धंद्याच्या कारणांनी औषध सोडून दिलं आणि अभ्यास पडून राहिला.

दरम्यान त्याच जातीची दुसरी औषधं अमेरिकेत हजारो लोकांना दिली जात होती. अखेर 'कास्ट' नावाची मोठी चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ मेले, खोटी गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये मधेच थांबवावा लागला. ठोके सुधारत होते आणि माणसं मरत होती. नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी आपला अभ्यास छापला तो १९९३ मध्ये. तो आधी छापला असता तर धोक्याची सूचना वेळेवर मिळाली असती, हे त्यांनी स्वतःच त्यात लिहिलं. मला त्यांचा राग येत नाही. तेरा वर्षांनी का होईना, आपली चूक नाव घालून छापायला धारिष्ट लागतं.

मग पेपरांची यादी असावी तरी कशी? लांब जायला नको, महाडला बघ. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तेव्हा कोकणात लाल विंचू चावला की दहांतले चार दगावत. नुसती आग नाही. विषाने शरीरातली ताणाची संप्रेरकं उसळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. म्हणजे हा हृदयाचाच आजार. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून लक्षणं टिपली: घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय. ती १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आली. मग रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी त्यांनी या रुग्णांना दिली, त्याबद्दल १९८६ मध्ये पुन्हा 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आलं.

पण मला सगळ्यांत मोठा वाटतो तो २०११ मध्ये 'बीएमजे'त आलेला, पत्नी डॉ. प्रमोदिनीताईंबरोबर लिहिलेला पेपर. महाडचेच सत्तर रुग्ण, दोन गट: एकाला नुसतं प्राझोसिन, दुसऱ्याला प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस. लस मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, नुसत्या प्राझोसिनवरचे ३५ पैकी ८. ज्या गोळीने नाव मिळवून दिलं ती एकटी पुरेशी नाही, हे त्यांनी स्वतःच मोजलं आणि स्वतःच छापलं. तीस वर्षांतले हे पेपर ओळीने वाचले तर एकच प्रश्न पुढे पुढे सरकताना दिसतो. पेशंटने विचारलेला प्रश्न.

आता खरं बोलते. गुढीपाडव्याला तू घरी आली होतीस तेव्हा पोळ्या लाटताना म्हणालीस, "मावशी, अटॅकनंतरच्या पेशंटना दर आठवड्याला फोन करून गोळ्यांची आठवण द्यायची, तो माझा अभ्यास फुकट गेला. काही फरकच पडला नाही. फाईल ठेवून दिलीय." वर्षभर तू स्वतः फोन केलेस, स्वतः नोंदी ठेवल्यास. त्यातली प्रत्येक बेरीज तुला पाठ असेल. तेवीस पेपरांच्या यादीत तो नाही.

फोनने फरक पडत नाही हे कळणं म्हणजे काहीच न कळणं नव्हे. उद्या एखादा जिल्हा याच कामावर दहा माणसं नेमेल. त्यांना सांगणारं कोणी नको? आणि अभ्यास सुरू करण्याआधी तू तो सीटीआरआय या चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदवला होतास, मला आठवतंय. म्हणजे त्याचं पुढे काय झालं, हे कोणीही कधीही विचारू शकतं. पेशंट गोळ्या का सोडत होते, हेही त्या फोनवर तुला कोणी ना कोणी सांगितलंच असेल. ते सगळं लिही. मोठं जर्नल घेणार नाही, लहान घेईल.

मुलाखतीत नऊच पेपर वर ठेव. सहांचा एकच अभ्यास म्हणून उल्लेख कर. संख्या कमी झाली म्हणून कोणी तोंड वाकडं केलं तर करू दे, मुलाखत घेणाऱ्यांतला एखादा तरी कुठलाही एक पेपर उघडून "हे का केलंत?" असं विचारेल, आणि तुला आवडेल असा तो एकच प्रश्न असेल.

खुणा केलेली यादी सोबत पाठवते. तळाशी पेन्सिलीने २४ आकडा घातलाय आणि त्यापुढची ओळ कोरी ठेवलीय.

आईच्या गुडघ्यांसाठी तेल याच पाकिटाबरोबर येतंय, बाटली नीट बघून घे. रात्रपाळीनंतर दुपारी झोपत जा.

तुझी,
मावशी