शाळेतले स्वमत

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत उताऱ्याखाली ‘स्वमत’ नावाची एक कृती असते. पाठातले उत्तर जसेच्या तसे उतरवून देण्याच्या जुन्या शिरस्त्याला आळा बसावा आणि वाचलेल्या मजकुराविषयी विद्यार्थ्याने स्वतः काही विचार करून तो चार ओळींत मांडावा, हा तिचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. परंतु जून महिन्यात यवतमाळच्या बाजारपेठेत पुस्तकांच्या दुकानांपुढे जी झुंबड उडते तीत शिरून एखादे मार्गदर्शक चाळून पाहावे, तर हे स्वमतही त्यात आयते छापलेले सापडते. मुले ते पाठ करतात, आणि परीक्षकही, त्याचा तरी काय इलाज, त्याला गुण देतो.

याचा दोष मुलांच्या आळसाला किंवा प्रकाशकांच्या व्यापारी बुद्धीला देऊन मोकळे होता येईल. मला मात्र दोषाचे मूळ अन्यत्र दिसते. मनुष्य मत बनवतो आणि ते शब्दांत बसवण्याचा खटाटोप करतो तो कोणाला तरी ते पटावे, किंवा निदान कोणी ते खोडून काढू नये, म्हणून. कृतिपत्रिकेतले स्वमत ज्याच्या हाती जाते तो परीक्षक ते वाचतो, परंतु उत्तर देत नाही. समासात आकडा लिहितो आणि पान उलटतो. ज्या लेखनाला प्रतिपक्षच नाही त्यात युक्तिवादाची गरज उत्पन्न होत नाही, आणि गरज नसलेली वस्तू विकत आणणेच सोयीचे ठरते.

मराठी निबंधाची जडणघडण याच्या अगदी उलट परिस्थितीत झाली. लोकहितवादींची पत्रे 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये येऊ लागली ती वाचकांना डिवचत, आणि 1874 मध्ये निघालेल्या ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्याच लोकहितवादींवर शस्त्र धरले. त्या शस्त्राला धार फार आणि न्यायबुद्धी थोडी होती असे माझे मत आहे. तथापि प्रतिपक्षाचे लेखन त्यांनी वाचले होते, एवढे तरी मान्य केलेच पाहिजे. आणि शाळकरी वयाचाच दाखला हवा असेल तर तो ‘निबंधमाले’हूनही जुना आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई या मांग समाजातील मुलीचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदया’ने प्रसिद्ध केला. वेदांवर स्वामित्व सांगणाऱ्यांना तिने विचारलेले प्रश्न आणि आपल्या जातीतल्या बाळंतिणीच्या डोक्यावर छप्परही नसते याची तिने दिलेली कैफियत कोणत्याही मार्गदर्शकात मिळण्यासारखी नव्हती. ज्यांच्याविषयी ती लिहीत होती ते आणि ज्यांच्याविरुद्ध लिहीत होती तेही हा मजकूर वाचू शकतील, अशा जागी तो छापला गेला, ही गोष्ट मला त्या मजकुराइतकीच महत्त्वाची वाटते. यवतमाळलाही ही परंपरा परकी नाही. 1918 मध्ये बापूजी अण्यांनी ‘लोकमत’ साप्ताहिक काढले ते याच गावातून.

मग आजच्या वर्गात अशी जागा कोठून आणावी? जिल्ह्यातील एका शाळेच्या व्हरांड्यात ती मी पाहिली आहे. आठवीच्या वर्गाबाहेर एक भित्तिपत्र लावलेले होते. त्यात सुभाषिते नव्हती, थोर पुरुषांची चित्रे नव्हती, होता तो एकच प्रश्न: कापूस वेचणीच्या दिवसांत शाळेला सुट्टी असावी काय? दिवाळीच्या आगेमागे या भागातल्या शाळांची हजेरी कशी रोडावते हे ठाऊक असलेल्याला या प्रश्नाचे वजन सांगावे लागणार नाही. एका मुलीने पहिल्याच दिवशी, शिक्षण हा जीवनाचा पाया असल्यामुळे सुट्टी मुळीच नको, असे छापील वळणाचे मत लिहिले. त्याखाली दुसऱ्या कोणी तरी पेन्सिलीने लिहिले की वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि माय एकटी किती वेचणार ते तू सांग. शिक्षकांनी यावर निवाडा दिला नाही. बालमजुरीच्या कायद्यात 2016 मध्ये झालेल्या दुरुस्तीविषयीचे वर्तमानपत्रातले एक कात्रण त्यांनी शेजारी टाचून ठेवले, आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला शाळेची वेळ सोडून घरच्या कामात मदत करण्याची मुभा आहे, परंतु दुसऱ्याच्या शेतात मजुरी करण्याची नाही, हा भेद त्यातून मुलांनी स्वतः वाचून काढला. पुढे त्या मुलीचे दुसरे टिपण आले: सुट्टी नको, पण वेचणीपुरती शाळा सकाळची करावी. हे मत बरोबर की चूक हा प्रश्न वेगळा. ते आता तिचे होते, आणि ते बनवण्यासाठी तिला एक रूक्ष कायदा वाचावा लागला होता.

या भित्तिपत्राला एक नियम होता, तो आपल्या शास्त्रचर्चेतला आहे. ज्याला विरोध करायचा त्याचे म्हणणे आधी, त्याला मान्य होईल अशा शब्दांत, लिहायचे. पूर्वपक्ष धड मांडल्यावाचून उत्तरपक्षाला कागद मिळत नसे. प्रौढांच्या सभांनाही हा नियम लावण्याजोगा आहे. जानेवारी 2019 मध्ये याच यवतमाळात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच्या उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण त्या इंग्रजीत लिहितात म्हणून उठलेल्या विरोधापुढे मागे घेण्यात आले, कित्येक लेखकांनी बहिष्कार टाकला, संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. सहगल यांचे भाषण लिहून तयार होते. ते ऐकण्याआधीच बंद करण्याची तजवीज झाली, आणि परिणामी ते महाराष्ट्रभर वाचले गेले. या साऱ्या प्रकरणाची कात्रणे नववी-दहावीच्या मुलांपुढे ठेवली तर मतभेद कसा हाताळावा याचा धडा कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगला होईल. अर्थात ती ठेवण्याचे धैर्य शाळांना होईल काय, याची मला शंका आहे.

अडचणी नाहीत असे नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आहे, माहिती भरून पाठवण्याचे वरिष्ठांचे हुकूम आहेत, आणि घरी गोरमाटी, कोलामी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीत वाद घालणे म्हणजे एक हात बांधून कुस्ती खेळणे होय. अशा मुलाने आपले म्हणणे प्रथम आपल्या बोलीत बोलून दाखवावे आणि मग लिहावे, हे उघड आहे. म्हणूनच दहावीच्या भाषाविषयांचे तोंडी परीक्षेचे गुण मार्च 2019 च्या परीक्षेपुरते काढून टाकण्याचा निर्णय मला अनिष्ट वाटला होता, आणि पुढल्याच वर्षी ते परत आले हे बरे झाले.

परंतु भित्तिपत्र व्हरांड्यातच राहिले तर मुले एकमेकांनाच उत्तरे देत बसतील. शिक्षणहक्क कायद्याने प्राथमिक शाळांना शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे आणि तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, म्हणजे ज्यांच्या घरी कापूस वेचला जातो ती माणसे. सकाळच्या शाळेची ती सूचना या समितीच्या बैठकीपुढे कागदावर जावी, इतिवृत्तात नमूद व्हावी, आणि समितीने मुलांना लेखी उत्तर द्यावे. उत्तर नकाराचे असले तरी हरकत नाही. मात्र त्यात मुलांचे म्हणणे आधी लिहिलेले असावे, आणि नकाराचे कारण त्याखाली.