ओवरीतले मोहोळ

सज्जन हो, भूतदया हा शब्द आपल्या जिभेवर फार रुळलेला आहे. गाईला घास, मुंगीला साखर, इथवर दया बिनबोभाट चालते. डंख मारणारा जीव पुढे आला म्हणजे मात्र खरी परीक्षा!

आमच्या गावी सप्ताहाला चार दिवस उरले आणि ओवरीच्या भिंतीतल्या भेगेतून माश्यांची ये-जा दिसली. नेमकी वीणा उभी राहायची ती जागा! मंडळी म्हणाली, "बुवा, रात्री पलिता लावू, सकाळी मोकळे." मी गप्प. कारण तरुणपणी वडावरच्या मोहोळाला पलिता लावणाऱ्यांत मीही होतो. होरपळलेल्या माश्या सकाळपर्यंत मातीत वळवळत होत्या, आणि त्याच दिवशी मी कीर्तनात दयेवर निरूपण केले! लोक माना डोलवीत होते. मला माझाच शब्द कडू लागला.

म्हणून या खेपेस एका जुन्या मधपाळाला बोलावले. त्याने पाहिले न पाहिले तोच म्हणाला, "ही सातेरी. अंधाऱ्या पोकळीत पोळी बांधणारी. पेटीत सुखाने नांदेल."

दिवस मावळताना, माश्या घरी परतल्यावर त्याने दोन विटा सैल केल्या, जरासा धूर दिला. पिलांची पोळी अलगद कापून लाकडी चौकटींत केळीच्या सोपाने बांधली. राणी सापडली, ती पेटीत गेली, आणि बाकीच्या आपण होऊन मागे चालू लागल्या. दाराला राणी अडेल अशी जाळी लावली. एकजण मधासाठी पातेले घेऊन आला होता, त्याला सांगितले, "तो त्यांचा शिधा आहे." पेटी रात्रीच दोन कोसांपलीकडे न्यायची ठरली. जवळ ठेवली तर माश्या जुन्या भिंतीकडेच परततात.

पण आग्या मोहोळाची गोष्ट वेगळी बरे! उंच फांदीवर, कड्यावर एकच मोठे उघडे पोळे. ते पेटीत राहत नाही, ऋतू पालटला की आपणच उठून जाते. तिथे आपण मंडप हलवावा. दिंडीतल्या माउलींनो, झाडाखाली चूल मांडण्याआधी वर पाहा. एक माशी डसली की ती मरते, पण तिचा वास बाकीच्यांना बोलावतो; म्हणून हात न झाडता तोंड झाकून दूर पळावे, काटा नखाने खरवडावा. डंख पुष्कळ झाले वा श्वास कोंडला तर थेट दवाखाना. शाळेजवळ वा वाटेवर मोहोळ असून टाळताच येत नसेल, तर जाणत्यालाच बोलवावे. पुण्यात १९६२ पासून मधमाश्यांची केंद्रीय संशोधन संस्था आहे, महाबळेश्वरी मध संचालनालय आहे, तिथे विचारावे.

नवी माशी जुन्या मेणाच्या वासाने येते, म्हणून भेग त्याच रात्री बुजवायची होती. चुना भरण्याआधी आमच्या विणेकऱ्याने आत हात घातला आणि तसाच थांबला.

"बुवा," तो म्हणाला, "अजून ऊब आहे."