कमी तलाक म्हणजे सुखी संसार?

आपल्या समाजात तलाकचे प्रमाण किती, हा प्रश्न निघाला की उत्तरे ठरलेली असतात. बाहेरचा म्हणतो, फार. आतला म्हणतो, अगदीच थोडे. भांडणारे दोघेही एक गोष्ट मात्र धरून चालतात: तलाक कमी तो समाज चांगला. हे गृहीतच एकदा तपासून पाहू.

2011 च्या जनगणनेने घटस्फोटित आणि विभक्त अशा दोन नोंदी प्रथमच वेगळ्या केल्या. देशभरात घटस्फोटित निघाले सुमारे साडेतेरा लाख, विभक्त सुमारे 35 लाख. दोन्हींत बायकाच अधिक. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानात प्रमाण फार कमी; मिझोराममध्ये सर्वांत जास्त. म्हणून काय बिहारची बाई मिझो बाईपेक्षा सुखी? जिथे मुलगी दूर गावी दिली जाते, हुंड्यापायी बाप कर्जात बुडतो आणि परतलेल्या बहिणीला भावाच्या घरी जागा नसते, तिथे ती निघून जाणार कुठे? तिथला कमी आकडा सुखाचा नाही, बंद दाराचा आहे.

कोणी म्हणेल, हा प्रश्न धर्माचा आहे. तर एकाच मजहबची उदाहरणे घेऊ. आपले कोकणी मुसलमान शाफई, मलबारचे मापिळा शाफई, मलायाचे मुसलमानही शाफई. 1950 च्या सुमारास मलायातील केलांतान, तेरेंगानू भागात निम्म्याच्या आसपास लग्ने मोडत. पण तिथे बाई शेतात राबून कमवत होती, माहेरचा आधार होता, दुसरे लग्न सहज होई. पुढे शिक्षण वाढले, लग्नाचे वय वाढले, मुली आपल्या पसंतीने लग्न करू लागल्या आणि हे प्रमाण झपाट्याने उतरले. उत्तर मलबारच्या मातृवंशीय मापिळा घराण्यांत तर जावईच बायकोच्या घरी येई. तिथे लग्न मोडले तरी बाई बेघर होत नसे. फिकह एकच, फरक होता तो छपराचा आणि कमाईचा.

इंदूरच्या शाहबानो यांना नवऱ्याने 1975 मध्ये घराबाहेर काढले. तलाक दिला 1978 मध्ये. तलाकवर, पोटगीवर, 1985 च्या निकालावर आणि 1986 च्या कायद्यावर आपण वर्षानुवर्षे वाद घातला. पण मधल्या तीन वर्षांत त्या कोण होत्या, हे किती जणांनी विचारले? सूरह निसामध्ये पुरुषाला बजावले आहे की बायकोला अधांतरी लटकत ठेवू नका. ना नांदवायचे, ना सोडायचे, हा मार्गच कुरआनने नाकारला आहे. तरीही प्रत्येक मोहल्ल्यात अशा बायका आहेत, आणि तलाकच्या हिशेबात त्या कुठेच नाहीत.

2017 च्या निकालाने आणि 2019 च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक रोखला. ते आवश्यकच होते. परंतु शब्द न उच्चारता घर सोडून जाणाऱ्या नवऱ्याला तो कायदा कसा पकडणार? 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घटस्फोटित मुस्लिम स्त्रीचा पोटगीचा हक्क पुन्हा स्पष्ट केला. पण हा हक्क मागायलाही आधी पायाखाली जमीन लागते.

म्हणून जमातीने तलाक किती झाले एवढेच मोजू नये. मेहर किती जणींच्या हाती पडला, किती जणींना खुला मागता आला, किती जणींसाठी माहेरचे दार उघडे राहिले, हेही मोजावे. समाजाची नीती त्याच्या तलाकच्या संख्येत नसते. तलाकनंतर बाई कुठे झोपते, यात असते.