देहाचा भार आणि मनातील रस

स्थूल देहाचा भार काही काळ उतरविणे फारसे कठीण नाही. उतरलेला भार पुन्हा चढू न देणे, हे मात्र फार कठीण आहे. महिना-दीड महिना कडक उपास करून वजन घटविलेली माणसे पुढे पूर्वस्थितीला आलेली सर्वत्र दिसतात. लोक त्यांना हसतात, आणि ती स्वतःला अपराधी समजू लागतात. हा दोष त्यांच्या इच्छाशक्तीचा, की त्यांनी निवडलेल्या मार्गाचा?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात (२।५९) या प्रश्नाचे मर्म सापडते. निराहार राहणाऱ्यापासून विषय दूर होतात, परंतु त्यांची गोडी दूर होत नाही, असे भगवंत सांगतात. या गोडीसाठी तेथे ‘रस’ हा शब्द योजिला आहे. ताटातून लाडू उचलला, म्हणून तो मनातून उचलला जात नाही. उलट ताटात नसलेला लाडूच दिवसभर मनात घोळत राहतो.

आधुनिक शास्त्राचीही याला साक्ष आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण चित्त अन्नावाचून अन्यत्र रमेना. काहीजण तर पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. आहार मोकळा होताच कित्येकांची भूक शमता शमेना. उपासमारीत शरीर आपला शक्तिव्ययही आवरते घेते. तेव्हा भार परत येतो, त्याचा सारा दोष मनाच्या दुबळेपणावर लादणे न्याय्य नव्हे.

मग उपाय कोणता? परतत्त्वाच्या दर्शनाने रसही निवृत्त होतो, हे खरेच. परंतु ते दर्शन घडेपर्यंत साधकाला अभ्यासाचाच आधार आहे. सहाव्या अध्यायात (६।१६-१७) अतिभोजन आणि उपोषण ही दोन्ही टोके वर्ज्य ठरवून आहार, विहार, कर्म, निद्रा व जागृती ही पाचही ‘युक्त’ असावीत, असे सांगितले आहे. युक्त म्हणजे केवळ अल्प नव्हे. जे देहाला मानवते आणि जन्मभर निभावते, ते युक्त. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अ. ७) अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम न सोडता चतुर्थांशाच्या क्रमाने सोडावे, असा विधी आहे. क्रमाने गेलेला दोष परत येत नाही आणि क्रमाने आलेला गुण ढळत नाही, हे त्याचे कारणही तेथेच दिले आहे. चहातील साखर पाव चमच्याने कमी करणे, रात्रीचे जेवण थोडे लवकर उरकणे, नित्य काही अंतर पायी चालणे, या गोष्टी क्षुल्लक दिसतात. पण त्या व्रत न राहता स्वभाव बनतात, आणि स्वभाव सोडावा लागत नाही.

देहाची ही चिंता म्हणजे देहासक्तीच नव्हे काय, अशी शंका येईल. काट्यावरचा आकडाच दैवत झाला, तर ती आसक्तीच होय. परंतु देह हे सेवेचे साधन आहे, या बुद्धीने त्याला नीट राखणे हा धर्म आहे. देहाला अविवेकाने पीडणारे देहस्थ परमात्म्यालाच कष्टवितात, असा इशारा सतराव्या अध्यायात (१७।६) आहे.

एखाद्या सणाला पथ्य मोडले, म्हणून साधना बुडाली असे मानू नये. वाटेत ढळलेल्या साधकाची चिंता अर्जुनानेही विचारली होती, कल्याणाचे आचरण करणारा दुर्गतीस जात नाही, असे अभयवचन (६।४०) त्याला मिळाले. दुसऱ्या दिवशीचे भोजन पुन्हा युक्त व्हावे, एवढेच पुरे.